शहाजिऱ्याचे मोड

धुळ्याहून पाचोऱ्याला निघालेल्या एसटीत सोनलचा जीव थाऱ्यावर नव्हता. घरच्या फ्रिजात, लोणच्याच्या बरणीमागे, तिने एक डबा दडवला होता. आत ओल्या फडक्यात मूठभर शहाजिरं. तिचं एम.एस्सी.चं सगळं वर्ष त्या मुठीवर टांगलेलं होतं.

हे बी मोठं हट्टी. मूळचं बर्फाच्या डोंगरातलं, त्यामुळे ओल्या गारव्यात महिनोन्‌महिने काढल्याशिवाय ते रुजायचं नावच घेत नाही. कॉलेजच्या फ्रिजचं दार दिवसभर उघडझाक. तिथले दाणे दोनदा कुजले. सर वैतागून म्हणाले, आता मोड आले नाहीत तर प्रबंधाचा विषय बदल. मग उरलंसुरलं बी तिने संक्रांतीनंतर घरी आणून ठेवलं. आईला, भिकुबाईला, मात्र सांगितलं नाही. जिरं फ्रिजात झोपवलंय म्हटलं असतं तर तिने गल्लीभर हसं केलं असतं!

दर सुट्टीला ही पोरगी आल्या आल्या डबा उघडायची. दाणे काळे ते काळेच. उघडून उघडून आपणच गारवा घालवतोय, असं वाटून तिने स्वतःला शिव्या दिल्या आणि महिनाभर घरी जायचं टाळलं. आज धीर सुटला.

पायातल्या चपलांसकट तिने फ्रिज गाठला. डबा नव्हता. तो ओट्यावर घासून पालथा घातलेला होता.

ती गच्चीवर धावली. आई ओल्या धोतरावर ज्वारीच्या शिजवलेल्या घाट्याच्या, पापडासारख्या बिबड्या थापत होती.

"आई, फ्रिजमाना डबा?"

"त्यामानं जिरं व्हय? ओलं व्हयी गयथं. वाया जाई म्हनीसन बिबड्यासना घाटामा टाकी दिधं."

सोनल धोतराच्या कडेला बसली. आईवर ओरडावं, तर सांगितलं कुठे होतं? रागाने तिचे कान तापले, आणि तो राग सगळा स्वतःवरचा होता. समोरच्या ओलसर बिबडीवर ती वाकली. काळ्या दाण्याला पांढरं, नखाएवढं काहीतरी चिकटलं होतं. तिने ते बोटाने हलवलं. दाण्यासकट हललं.

"आई," तिचा आवाज चिरकला, "जिराले मोड व्हतात का?"

"व्हतात ना."

"कितला दानास्ले?"

घाट्याचा गोळा हातात तसाच धरून भिकुबाईने लेकीकडे पाहिलं. पोर रडतेय की हसतेय, तिला कळेना.

"बठ्ठास्ले," ती म्हणाली. "एक बी दाना सुटेल नव्हता."