एक इंच आत

मित्रांनो, मी एक जुनी, पायाने चालवायची शिलाई मशीन आहे. पांढुर्ण्यात शकुंतलाबाईंच्या ओसरीवर माझी सारी हयात गेली. बाई वारल्यावर त्यांची लेक गायत्री माझ्यावर बसू लागली. तिच्याकडे ब्लाउज शिवायला तिगावहून बायका येत. "गायत्रीच्या शिलाईत उसवायचं काम नाही," असे त्या म्हणत. त्यातले अर्धे कौतुक माझे, असे मला वाटे.

मग सौंसरच्या अंकुरशी तिची ओळख झाली. त्याचा फोन आला की अर्धी बाही सुईखाली तशीच राही. मला त्या फोनचा फार हेवा वाटे. पण खरा हेवा कसा असतो, ते मी पुढे पाहिले.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाला आणि दोनच महिन्यांत अंकुरने लग्नाला नकार दिला. गायत्रीने पोलीस ठाण्यात तक्रार केली. तेव्हा दोन्हीकडची वडीलधारी माणसे ओसरीवर बसली आणि अंकुरने स्टॅम्प पेपरवर लिहून दिले, 'अक्षय तृतीयेला लग्न करीन.' गायत्रीने तक्रार मागे घेतली. "समझौता झाला, आता फिकर नाही," तिचे वडील भगवंतराव म्हणाले. तिने आपल्या शालूला फॉलही लावला. अक्षय तृतीया आली आणि गेली. अंकुरचा फोन लागेना.

पंधरा दिवसांनी तिगावची दिपाली नावाची मुलगी ब्लाउजचे कापड घेऊन आली.

"ताई, साक्षगंध हाय माह्यं. लवकर द्या."

"मुलगा कुठला?"

"सौंसरचे हायत, अंकुर नाव. म्हणते, तुह्यासारखं हसणं मी कुठंच पाह्यलं नाही."

हेच वाक्य त्याने गायत्रीलाही ऐकवले होते. तिने माप घेतले. टेप दिपालीच्या दंडाभोवती होता, नजर मात्र तिच्या मेंदीच्या हातांवर. ती गेल्यावर गायत्रीने कापड पसरले आणि कात्री मुद्दाम एक इंच आत चालवली. मला कळत होते. तरी मी शिवले. त्या शिलाईची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी दिपालीच्या ब्लाउजचे हुक लागेनात. ती रडकुंडीला आली.

"माप चुकलं का, ताई?"

"नाही. मीच बिघडवलं," गायत्री म्हणाली आणि तिने स्टॅम्प पेपर तिच्या हातात दिला. "मी आता कोर्टात जाऊन राहिली."

दिपालीने तो दोनदा वाचला. "तुम्हाले न्याय पायजे, का माह्यावर जळून राहिल्या?"

"जळून तर राहिलीच. पण कागद खोटा नाही."

गायत्रीने सौंसरच्या कोर्टात लग्नाचे वचन मोडल्याबद्दल भरपाईचा दावा लावला. "एकदा समझौता झाल्यावर आता दावा कसला?" असे अंकुरच्या वकिलाने विचारले. पण समझौता ज्या वचनावर झाला तेच मोडले होते, म्हणून कोर्टाने दावा दाखल करून घेतला. दुसऱ्याच रविवारी अंकुर ओसरीवर हजर.

"केस मागं घे, गायत्री. पुढच्या महिन्यात लगन करू. पुन्हा लिहून देतो."

याच बोलण्याची तिने इतके दिवस वाट पाहिली होती. आता ती हो म्हणणार, असे मला वाटले.

"अन् दिपाली?" तिने विचारले.

"तिले काय सांगायचं? फोन उचलत नाही मी."

गायत्री उठून उभी राहिली. "मग जा तू. आता जे सांगायचं ते कोर्टच सांगन."

दीड वर्षाने निकाल तिच्या बाजूने लागला. दिपालीने तर अंकुर ओसरीवर येऊन गेला त्याच आठवड्यात तो संबंध मोडला होता. तरीही रस्त्याने वरात गेली की गायत्री अजून दार लोटून घेते. मित्रांनो, अशा माणसाला 'विसरून जा' म्हणू नका. थोडा वेळ जवळ बसा. आणि तुमच्या मनात कोणाचा हेवा दाटला, तर हातातले काम खाली ठेवा. समोरच्या कापडाचा त्यात काय दोष?