शेजारी उसनी गेलेली घडवंची

मी एक जुनी घडवंची आहे. हल्ली मला सगळे स्टूल म्हणतात आणि मी ओ देते. या वयात नावावरून भांडून काय मिळणार? पण सुताराने मला केलं तेव्हा माझं नाव घडवंची होतं, एवढं सांगून ठेवते. चार पाय, वर चौकोनी फळी आणि उचलता यावं म्हणून फळीच्या मधोमध एक लांबट भोक. माझा एक पाय पहिल्यापासून किंचित आखूड आहे. सुतार म्हणाला होता, "वापरून वापरून बसेल." मित्रांनो, चाळीस वर्षं झाली, अजून बसतोय.

मला एका टेलरने करून घेतलं होतं. सगळी गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणत, म्हणून मीही मास्तरच म्हणते. पँटची उंची घ्यायला दिवसभर खाली वाकून त्यांची कंबर धरायची. मग त्यांनी गिऱ्हाइकालाच वर चढवायचं ठरवलं आणि मी दुकानात आले. आखूड पायाखाली मास्तरांनी पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि मी कधी डुलले नाही. माझ्यावर शाळेतली पोरं उभी राहिली, नवरदेव उभे राहिले, नोकरीच्या पहिल्या दिवसाचा कोट मापायला आलेले घाबरट तरुण उभे राहिले. खरं सांगते, मला त्याचा फार अभिमान वाटायचा. खाली उतरलेला माणूस मला जरा उंच झालेला दिसायचा.

दुकानाच्या कोपऱ्यात पितळी कड्यांचा एक हिरवा पडदा होता. माप घ्यायचं ते पडद्याआड, हा मास्तरांचा नियम. पोट सुटलेलं असो, पाठीला बाक असो, आकडा ते मोठ्याने कधी म्हणत नसत. पुटपुटत वहीत लिहायचे आणि वही पालथी ठेवायचे. एका चष्मेवाल्या कारकुनाचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता. मास्तर त्याच्या प्रत्येक कोटात डाव्या बाजूला कापसाची जादा पट्टी घालत. चष्मेवाल्याला ते कधी कळलं नाही. आपले खांदे सरळ आहेत, असंच तो अजून समजतो. हे मला आणि मास्तरांना ठाऊक होतं. मास्तर कोणाला बोलले नाहीत आणि मी तर काय लाकूड.

मग एका सकाळी कात्री मास्तरांच्या हातातून पडली आणि पाठोपाठ तेही पडले. अर्धांगवायू झाला. डावा हात गेला, डावा पाय फरफटू लागला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. दुकान बंद झालं. शिलाई मशीन कोणी नेलं ते मला माहीत नाही. मी मात्र घरी आले आणि मास्तरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, मला मागच्या अंगणात ठेवलं. आता माझ्यावर माणसं चढत नव्हती. दाढीचा मग आणि साबणाची डबी, एवढंच माझं ओझं.

डॉक्टरांनी मास्तरांना रोज उन्हात बसायला सांगितलं होतं. मास्तर ऐकेनात. जो माणूस घरातसुद्धा इस्त्रीच्या सदऱ्याशिवाय राहिला नाही, तो लाळ पुसून घेत उघड्यावर कसा बसणार? शेवटी ते काठी टेकत दारापर्यंत आले आणि मधल्या भिंतीकडे बोट दाखवलं. काकूंना कळलं. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात सरळ वर केला. बोटं जेमतेम भिंतीच्या काठाला लागली. मास्तरांनी डोळे बारीक करून माप घेतलं, वर शेजारच्या माडीवरच्या, लाकूड फुगून घट्ट बसलेल्या बंद खिडकीकडे पाहिलं आणि चालेल म्हणून मान हलवली.

तेव्हापासून रोज दहा वाजता ते बनियनवर, गळ्यात टॉवेल घेऊन उन्हात बसायचे. काकू दाढी करायच्या. हळूहळू डावी बोटं हलू लागली. एकदा तर त्या बोटांत काकूंनी बटण दिलं आणि त्यांनी ते धरून ठेवलं. काकू तेव्हा रडल्या. मित्रांनो, त्या अंगणात दुसरं कोणी यायचं नाही. ती दोघं आणि मी. तरी माझे ते दिवस बरे गेले.

मग शेजारचं घर विकायला निघालं. तिथल्या म्हाताऱ्या बाई लेकीकडे राहायला गेल्या होत्या आणि मुलगा व्यवहार बघत होता. लहानपणी त्याचे शाळेचे कपडे मास्तरांनीच शिवलेले. एक दिवस दाढी अर्धी झालेली असताना तो पुढच्या दारी आला.

"काकू, घराचे फोटो काढायला माणूस आलाय. वरची खिडकी काही उघडेना. तुमचं स्टूल मिळेल का जरा?"

"ने की. त्यात विचारायचं काय?" काकू म्हणाल्या. माझ्यावरचा साबणाचा फेस त्यांनी पदराने पुसला आणि मला त्याच्या हातात दिलं. पुठ्ठ्याची घडी तिथेच अंगणात राहिली.

खिडकी राहिली बाजूला, फोटोवाल्याने मला थेट मधल्या भिंतीला नेऊन लावलं. "मागची बाजू मोकळी दिसली की घर मोठं वाटतं," तो म्हणाला आणि बूट घालूनच चढला. त्याच्या टाचा वर उचलल्या गेल्या तेव्हा मी समजले, याला काय दिसतंय ते. मी डुलले. पुठ्ठा नव्हता, पण मुद्दामही डुलले. शेजारच्या मुलाने मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. माणसाला वर चढवायचं एवढंच मला आयुष्यभर शिकवलेलं, खाली उतरवायचं कोणी शिकवलं नव्हतं. वर कॅमेऱ्याची तीन वेळा खटखट झाली. पलीकडे वस्तऱ्याचा आवाज येत होता. संध्याकाळी मुलाने मला परत अंगणात आणून ठेवलं.

आठवड्याने चष्मेवाला भेटायला आला. मनाने वाईट नव्हता तो. काकू आत पाणी आणायला वळल्या तोवर तो अंगणात येऊनही बसला.

"मास्तर, तुम्ही आजारी आहात हे आम्हाला माहीतच नव्हतं हो. भाऊ घर शोधतोय, त्याच्या फोनवर हा फोटो आला. म्हटलं, हे तर आपले मास्तर. बघा, किती स्वच्छ आलाय."

त्याने फोन मास्तरांच्या समोर धरला आणि खालची ओळही वाचून दाखवली. "मागे प्रशस्त मोकळी जागा, भरपूर ऊन, शांत शेजार."

मास्तर बराच वेळ बघत राहिले. उघडे दंड, गालावरचा फेस, ओढलेलं तोंड. मग त्यांनी मान वर केली आणि चष्मेवाल्याच्या डाव्या खांद्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. ते बोलले नाहीत. उजव्या हाताने गळ्यातला टॉवेल पसरून छातीवर घ्यायला लागले. एका हाताने ते नीट जमत नव्हतं आणि त्यांनी काकूंना हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता खुर्ची बाहेर आली, मास्तर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

काकूंनी शेजारच्या मुलाला दारात गाठलं. तो म्हणाला, "अहो काकू, फोटो घराचा आहे. कोपऱ्यात कोण बसलंय ते कोणाला कळतंय? चेहराही नीट दिसत नाही."

"तुला दिसत नसेल. ज्यांचे कपडे यांनी शिवले, त्यांना दिसतो."

फोटो काढून टाकायला नऊ दिवस लागले. तोवर तो या फोनवरून त्या फोनवर पोहोचला होता. मुलगा पुन्हा दारी आला तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "चुकलंच माझं. विचारायला हवं होतं." काकू त्याला रागावल्या नाहीत. "स्टूल मीच दिलं ना," एवढंच म्हणाल्या आणि मला उलटं करून अडगळीत ठेवलं.

पाय वर करून मी तिथे कित्येक महिने पडून होते. दाराच्या फटीतून मला ती रिकामी खुर्ची दिसायची. काकू ती रोज बाहेर ठेवत आणि बारा वाजता आत नेत. बोटांचं काय झालं, बटण धरता येतं का, काही कळायला मार्ग नव्हता. मला फार एकटं वाटायचं आणि मनातून लाजही वाटायची.

घर विकलं गेलं. एक दिवस ओळखीचा नसलेला आवाज आला. "नमस्कार, मी शेजारी राहायला आलेय. तुमच्याकडे स्टूल आहे का हो?"

या वेळी काकूंनी विचारलं, "कशाला हवंय?"

"सुताराने काल माडीवरची खिडकी मोकळी केली. बघते तर तुमचं सगळं अंगण दिसतं. तिथे काहीतरी लावून टाकते. सध्या एक चादरच आहे माझ्याकडे." मग ती हळू आवाजात म्हणाली, "घर घेण्याआधी तो फोटो मी पाहिला होता, काकू."

काकूंनी मला बाहेर काढलं. धूळ पुसली. अंगणातून पुठ्ठ्याची घडी शोधून आणली आणि तिच्या हातात दिली. "ही खाली घाल, नाहीतर डुलते." मग "थांब" म्हणून आत गेल्या आणि ट्रंकेतून हिरवा पडदा घेऊन आल्या. कड्या काळवंडल्या होत्या, पण एकही तुटली नव्हती.

मी माडीवर गेले. ती बाई माझ्यावर अंगणाकडे पाठ करून उभी राहिली आणि तशीच तिरपी होत तिने कड्या दांडीत घातल्या. इतक्या वर्षांनी मी पुन्हा त्या पडद्याखाली उभी होते. काम झाल्यावर तिने मला परत अंगणात आणून ठेवलं.

मित्रांनो, घर विकणाऱ्याने घराचा फोटो काढावा, त्यात काही वावगं नाही. पण भिंत दोन घरांची असते. कॅमेरा वर नेण्याआधी पलीकडे हाक मारा, "कोणी बसलंय का?" म्हणून विचारा. हाक मारायला तुम्हाला तोंड आहे. मला असतं तर मी त्या दिवशी मारली असती.

मास्तर त्या दिवशी आले नाहीत. काकूंनी पडद्याचं सांगितलं तरी नाही. पाचव्या दिवशी काठी वाजली. ते उंबऱ्यात आले, वर पाहून त्यांनी पडदा ओळखला आणि खुर्चीत येऊन बसले. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेली.

"ऊन अंगाला लागायला नको का? काढा तो सदरा. कोण बघतंय आता?" काकू म्हणाल्या.

मास्तरांनी सदरा काढला नाही. अजूनही काढत नाहीत. रोज दहा वाजता येतात, आधी भिंतीच्या काठाकडे बघतात आणि मग बसतात.