सोबतीला कोण थांबणार?

उषाबाईला उठायची सवय होती. झोपेतून उठायची नव्हे, ती तर सगळ्यांनाच असते. बायकांच्या घोळक्यातून उठायची. डोहाळजेवण असो, बारसं असो, पाचवीची पूजा असो, हळदीकुंकवाची ताटली फिरायला लागली रे लागली की उषाबाई पदर सावरायची आणि म्हणायची, "बघते जरा, चुलीवर भात हाय." मग चुलीवर भात असो नाहीतर नुसती राख असो. ज्या बाईला लेकरू नाही तिनं ओटी भरू नये, बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकू नये, नव्या जिवाला पहिल्यांदा हातात घेऊ नये, असं गावात कुणी भिंतीवर लिहून ठेवलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. तिला 'ऊठ' असं आजवर एकाही बाईनं म्हटलं नाही, कारण तसं म्हणायची पाळी तिनं कुणावर येऊच दिली नाही. पण आता गंमत बघा, 'बस' असंही कुणी म्हटलं नाही.

शालूच्या बाबतीत मात्र हे सगळे नियम गुंडाळून ठेवावे लागले होते. शालू म्हणजे दिराची, कडूबाची पोरगी. तिची आई दुसऱ्या बाळंतपणात गेली तेव्हा शालू बोबडं बोलत होती. तिला न्हाऊ घालायला, भरवायला, वेणी घालायला घरात बाई एकच, थोरली जाऊ. मग उषाबाई तिची मोठीआई झाली. मोसंबीच्या बागेत झोळी बांधून तिला वाढवली, शाळेत घातली, लग्न लावून भोकरदनच्या बाजूला दिली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात घेऊन आली. सगळं निगुतीनं केलं. पण दिवस भरत आले तसा उषाबाईचा जीव उडायला लागला.

कारण शालूची आई गेली, तेव्हा तिच्या उशाशी उषाबाईच बसलेली होती. बायका तेव्हा दबक्या आवाजात बोलल्याच. बाळंतिणीजवळ कुणाला बसवावं एवढंही या घराला कळू नये, असं बोलल्या. नवरा अप्पाराव भला माणूस, तो म्हणाला, लोकांचं काय मनावर घ्यायचं. घेतलं नसतं हो तिनं. पण लोकांचं बोलणं ऐकू येईनासं झालं तरी तिच्या आत ते चालूच राहिलं. तिला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं, त्याला काय करणार? म्हणून तिनं ठरवून टाकलं होतं. शालूला दवाखान्यापर्यंत पोचवायचं, पिशवी विहिणीच्या हातात द्यायची आणि आपण बाहेर लिंबाखाली जाऊन बसायचं. पोरगी हातीपायी सुटेपर्यंत सावलीसुद्धा आत पडू द्यायची नाही.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी. कडूबानं फोन करून गाडी बोलावली आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोरगी दाखल झाली. उषाबाईच्या पिशवीत जुन्या लुगड्यांची धुऊन धुऊन मऊ केलेली दुपटी होती. तिकडून जावई कल्याण मोटरसायकलवर आईला घेऊन आला. ही गयाबाई, शालूची सासू. बाई तोंडाची फटकळ, हसायला लागली तर अख्खा वार्ड वळून बघेल अशी. चार लेकरं, चारही घरीच जन्मलेली, आणि हे ती पहिल्या भेटीतच सांगायची.

डिलिव्हरी रूमच्या दारात बेबीनंदा सिस्टर उभी राहिली. "सोबतीला कोण थांबणार? एकच बाई आत यायची. अन् जिचं स्वतःचं बाळंतपण झालेलं हाय, अशीच पाहिजे. मागं एकीची नणंद आल्ती हौसंनं, अन् चक्कर येऊन तीच आडवी झाली. मंग मी पेशंट बघू का तिला बघू?"

"चला, म्या येते," गयाबाईनं चपला काढल्या. "चार झाले मला."

"मोठीआई थांबंल," शालू म्हणाली. तिनं उषाबाईचा हात घट्ट धरलेला होता.

सिस्टरनं उषाबाईकडे पाहिलं. "तुम्हाला किती लेकरं, मावशी?"

सिस्टरनं काही वाईट हेतूनं विचारलं नव्हतं. दिवसातून दहा जणींना विचारत असेल. पण कल्याण एकदम स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला, गयाबाईनं खोटंच खाकरल्यासारखं केलं आणि उषाबाईचा चेहरा कानापर्यंत तापला.

"एकबी न्हाई," ती म्हणाली. "विहीणबाईला घ्या. त्या जाणत्या हायेत."

"मोठीआई..."

"जा माय. मी हाय इथंच बाहेर." आणि शालूनं धरलेला हात तिनं सोडवून घेतला. एकेक बोट उलगडून सोडवावा लागला. मग मागं न बघता ती तरातरा चालत लिंबाखाली गेली आणि पारावर बसली.

बसली कसली, नुसती टेकली. पोरीच्या भल्यासाठीच केलं, असं ती स्वतःला सांगत होती. पण ज्या हातानं बोटं उलगडली तो हात तिला स्वतःचा वाटेना. शेजारी दुसऱ्या पेशंटच्या बाया भाकरीचं गाठोडं सोडून बसल्या होत्या. एकीनं विचारलं, "सून का लेक?" उषाबाईनं मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे त्या बाईला काही कळलं नाही.

खिडकीतून गयाबाईचा आवाज स्पष्ट यायचा. शालूचा येत नव्हता. तेच उषाबाईला खुपायला लागलं. ही पोरगी लहानपणी पायात काटा मोडला तरी बाग डोक्यावर घ्यायची. आता अशी मुकी का?

दुपार कलली आणि गयाबाई दाणदाण पाय आपटत बाहेर आली. घामानं निथळत होती. "तुमच्या पोरीनं मला हाकललं, विहीणबाई! ऐकलं का? हाकललं! म्या चांगलं समजून सांगून राह्यले, ओरडू नको, दम धर, आम्ही तोंडात पदर कोंबून बाळंत झालो. तर म्हणते, आत्याबाई, तुम्ही बाहेर जावा. अन् तेबी दात दाबून बोलती! मला!"

तिच्या मागोमाग बेबीनंदा सिस्टर आली. "मावशी, चला. कळ आली की पोरगी अंग आखडून घेती. अशानं लेकरू खाली कसं येणार? जोर लाव म्हणलं की मोठीआई, मोठीआई. बाळाचे ठोके चांगले हायेत अजून. पण अशीच आखडून बसली तर डॉक्टर जालन्याला पाठवतील, अन् कदाचित सीझर होईल."

"न्हाई सिस्टर. मी न्हाई येत."

"का?"

उषाबाईला वाटलं, काहीतरी थातूरमातूर सांगावं. चुलीवर भात आहे म्हणावं. पण इथं कुठली चूल आणि कुठला भात? तिच्या तोंडून खरंच बाहेर पडलं. "हिची आई बाळंत झाली तवा मी बसल्ते तिच्यापाशी. ती गेली. लेकरूबी गेलं. मी पांढऱ्या पायाची हाय, सिस्टर. मला आत नका नेऊ. ही पोरगी गेली तर मी काय करू?"

गयाबाईचा पदरानं तोंड पुसणारा हात तसाच थांबला.

सिस्टरला घाई होती. तरी ती क्षणभर थांबली. "कशानं गेली ती?"

"रक्त. थांबलंच न्हाई. जीप आणायला माणसं गेल्ती, जल्दी मिळालीच न्हाई."

"अन् बाकीच्या बाया? सुईण?"

"सुईण घाबरली, निघून गेली. बाकीच्या बाहेर ओट्यावर जाऊन रडत बसल्या. लेकुरवाळ्या बायांनी मरण बघू नये म्हणत्यात ना."

"अन् तुम्ही?"

"मी कुठं जाऊ? तिनं हात धरलेला होता. गार पडला तरी धरूनच होते. मंग घरच्या माणसांनीच सोडवला."

बेबीनंदा सिस्टर एकदम रागावल्यासारखी म्हणाली, "रक्तानं गेलेल्या बाईचं खापर तुमच्या डोक्यावर, अन् तुम्ही ते घेतलंबी? धन्य हाय तुमची! इथं रक्त थांबवायला आम्ही हावोत, औषध हाय, डॉक्टर हाय. ते काम तुमचं न्हाई. तुमचं काम ते, जे तवा केलं. चला. नियमाचं डॉक्टरांना मी सांगते."

उषाबाईनं गयाबाईकडे पाहिलं. परवानगी मागितल्यासारखं. सून तिची, वंश तिचा. उद्या काही झालं तर ती म्हणायला मोकळी.

गयाबाई दुसरीकडेच बघत होती. "मला काय विचारता?" ती म्हणाली. "मला तर हाकललेलं हाय."

उषाबाई आत गेली. औषधाचा वास, फरशीवरच्या बादलीत रक्ताचे बोळे. तिला वीस-एक वर्षांपूर्वीची ती खोली जशीच्या तशी दिसली आणि वाटलं, मागं फिरावं. इतक्यात शालूनं मान वळवली.

"मोठीआई, तू हात सोडवून घेतला माझा."

"घेतला माय. चुकलं माझं."

"मी एकटी पडले ना."

"चुकलं म्हणलं ना, आता किती वेळा म्हणू? धर. आता न्हाई सोडत, आईशपथ." उषाबाईनं हात पुढे केला, आणि पोरीनं तो असा पकडला की बांगडीच पिचली.

"अन् ओरड," उषाबाई म्हणाली. "तोंडात पदरबिदर काही कोंबायचं न्हाई. बागेत काटा मोडल्यावर ओरडायचीस, तशी ओरड. माझ्या नावानं ओरड, शिव्या दे, काय बी कर."

आणि शालू ओरडली! अगं बाई बाई, काय ओरडली. बाहेर कल्याण उभ्या जागी पांढरा पडला म्हणतात. पुढची कळ आली तेव्हा तिचं आखडलेलं अंग सैल झालं, सिस्टर म्हणाली तेव्हा जोर लागला, पुन्हा लागला. उषाबाईला बाळंतपणातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. ती नुसती घाम पुसत होती, पाणी पाजत होती आणि मनातल्या मनात दिसेल त्या देवाला दम देत होती, की या खेपेला जर का तू काही केलंस तर तुझं तोंड बघायची नाही. ऊन भिंतीवरून खाली उतरलं तेव्हा पोरगी जन्मली. काळीसावळी, मूठभर जावळाची, आणि आईपेक्षा मोठ्यानं ओरडणारी.

सिस्टरनं लेकराला शालूच्या उघड्या पोटावर ठेवलं, वरून दुपटं पांघरलं. नाळ कापली. मग टाके घालायची वेळ आली तशी तिनं बाळ दुपट्यात नीट गुंडाळलं आणि उषाबाईपुढे धरलं. "घ्या."

उषाबाईचे दोन्ही हात आपोआप पाठीमागं गेले. "बाहेर विहीणबाई हायेत, त्यांच्याकडं..."

"मोठीआई," शालू डोळे मिटूनच म्हणाली, "घे तिला."

उषाबाईनं घेतलं. इतकी वर्षं गावातली सगळी लेकरं तिनं पाचवी-बारशानंतर, दहा हातांतून फिरून आल्यावर, लांबूनच खेळवली होती. एवढं नवं, एवढं ओलं, जगात आत्ता आत्ता आलेलं लेकरू तिनं कधी धरलंच नव्हतं. तिला रडू आलं. मोकळ्यानं रडली ती, लाज न धरता.

वार्डात आणल्यावर गयाबाई लगबगीनं आली. नातीला बघून हसली, कडाकडा बोटं मोडली. आणि मग तिनं तो प्रश्न विचारलाच. तिकडच्या बाया विचारतातच. ज्याच्या हातात लेकरू पहिल्यांदा जातं त्याचा गुण लेकराला लागतो, असं मानतात ना.

"पहिलं कुणी घेतलं हिला?"

"सिस्टरनं," उषाबाई घाईनं म्हणाली. पोरीला त्याच घरात नांदायचं होतं.

"खोटं नको बोलू, मोठीआई," शालू म्हणाली. "हिनंच घेतलं, आत्याबाई. म्या सांगितलं म्हणून."

गयाबाई गप्प झाली. ही बाई गप्प झालेली कुणी पाहिली नव्हती. "चहा आणते," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. उषाबाईनं नातीचं दुपटं उगाचच पुन्हा गुंडाळलं.

तेवढ्यात सासरच्या गावाहून जीप करून आलेल्या बायका आत शिरल्या. हळदीकुंकू, खोबऱ्याची वाटी, सगळं घेऊन आल्या होत्या. खाटेभोवती गोळा झाल्या, नाक कुणाचं, कपाळ कुणाचं, सुरू झालं. त्यातल्या एकीनं हळदीकुंकवाची डबी उघडली आणि विचारलं, "मंग पहिलं कुणी घेतलं हो?"

खाटेच्या कडेला नातीला मांडीवर घेऊन उषाबाई बसली होती. तिनं लेकरू शालूच्या कुशीत सारलं, पदर सावरला. "बघते जरा," ती म्हणाली, "थर्मास धुवायचा हाय..." आणि उठली.

"उठून कुठं चालल्या?"

दारात गयाबाई. हातात चहाची किटली, तोंडावर नेहमीचा तोरा.

"हिच्या मोठीआजीनं घेतलं पहिलं," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मला हाकलून लावलं अन् यांना बोलावलं. बरंच झालं. माझा गुण लागला असता तर गावभर बोंबलत फिरली असती. ह्या बाईनं मरत्या माणसाचाबी हात सोडला न्हाई. हाय का तुमच्यात कुणी असली?"

उषाबाई तशीच अर्धवट उभी होती.

गयाबाईनं किटली खाली ठेवली. बाळाला उचललं, उषाबाईच्या हातात दिलं आणि तिच्या खांद्याला धरून तिला खाली दाबलं.

"बसा," ती म्हणाली.

उषाबाई बसली. हळदीकुंकवाची डबी हातात घेऊन उभी असलेली ती बाई जरा घुटमळली, मग पुढे झाली आणि तिनं पहिलं कुंकू उषाबाईच्या कपाळाला लावलं.