घरचा काटा

“ती पिशवी ठेवा जरा काट्यावर,” बायको पलंगावरून म्हणाली.

पिशवी पिठाची, दहा किलोची, सीलबंद. वजनकाटा घरचाच, माणसाने उभं राहायचा. त्याने गुमान पिशवी ठेवली. काटा साडेबारावर जाऊन थांबला.

“दुकानदार भलताच दिलदार दिसतो,” ती म्हणाली.

तो हसणार कुठल्या तोंडाने? उभा जन्म वजनकाटे दुरुस्त करण्यात गेलेला. सगळा बाजार त्याला ‘काटेवाले’ म्हणायचा. वजनात मारायचा काटा करून द्या म्हणणाऱ्या भल्याभल्यांना त्याने दुकानाच्या पायरीवरून परत पाठवलं होतं. आणि याच गृहस्थाने बायको झोपलेली बघून घरच्या काट्याची आतली स्प्रिंग सैल केली होती. एकदा नव्हे, बायको वाळत गेली तसतशी पुन्हा पुन्हा. रिकामा काटा शून्यावरच राहायचा, ती उभी राहिली की वजन मात्र जसंच्या तसं. वर ‘बघ, औषध लागू पडतंय,’ असंही म्हणायचा. कॅन्सर आता औषधाला दाद देत नाही, हे डॉक्टरांनी त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिला सांगायला जीभ रेटेना, म्हणून त्याने काट्याला खोटं बोलायला लावलं.

“बोटातली अंगठी गळून पडायला लागली,” ती म्हणाली. “तरी मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय. तुमचा काटा कसा चुकेल?”

त्याने पिशवी काट्यावरून उचलली.

“लेक यायला निघाली होती. मीच थांबवलं. म्हटलं, वजन टिकून आहे, बाळ जरा मोठं होऊ दे, मग ये. काट्याच्या भरवशावर थांबवलं हो मी तिला.”

हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. आपण तिला धीर देतोय, असंच तो धरून चालला होता. आता त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मायलेकींचे दिवस त्याने वजनात मारले होते.

“किती राहिलेत?”

“उन्हाळा...” तो म्हणाला. “उन्हाळ्यापर्यंत कठीण आहे म्हणाले.”

ती म्हणाली, “काटा नीट करा.”

त्याने पेचकस आणला. काम अंगवळणी पडलेलं. स्प्रिंग आवळून त्याने पिशवी पुन्हा ठेवली, काटा बरोबर दहावर आला. त्याने पिशवी उचलली. ती भिंतीला धरून काट्यावर उभी राहिली.

“वाचा. गिऱ्हाइकाला सांगता तसं, मोठ्याने.”

“एकोणचाळीस,” तो म्हणाला.

“हं. आता फोन द्या.”

ती लेकीशी बोलायला लागली. निघच आता, बाळालाही आण, मी सांगते सगळं. तो तिथेच उभा होता, पिठाची पिशवी उराशी धरून. ती खाली ठेवायचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.