हिवरीच्या नाल्यावरचा भोंगा

माझी बायको मनकर्णा नाल्यात वाहून गेली हे मला दुपारी कळलं. तेव्हा मी सावली गावात नूर मोहम्मदच्या लाकूड वाहणाऱ्या ट्रकखाली दुरुस्तीला आडवा होतो. इतवारी गाडीवान येऊन उभा राहिला. मला त्याचे चिखलाने भरलेले पाय तेवढे दिसत होते.

"मुखरूभाऊ, बाहेर निघ."

"काऊन? तिथूनच बोल ना."

"नाई. तू निघ आधी."

त्या दिवशी सावली गावात पाऊस नव्हता. हिवरीच्या नाल्यावरही नव्हता. तो वर जंगलात झाला होता. माझी बायको नाला ओलांडायच्या दगडी रपट्यावर उतरली तेव्हा दगड कोरडे होते. ती मधोमध पोचली आणि लोंढा आला. इतवारीने काठावरून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती वैनगंगेजवळ सापडली.

लोक म्हणाले, तिची वेळ भरली होती. मला त्याचा राग आला आणि अजून येतो. वेळबीळ काही भरली नव्हती. पाणी येत आहे हे सांगणारं कोणी नव्हतं, एवढंच. आणखी कोणी तिथे वाहून जाऊ नये म्हणून मी भोंगा बसवायचं ठरवलं.

काम सोपं वाटलं. नाल्याच्या वरच्या वळणावर दोन लोखंडी सळया उभ्या करायच्या. पाणी चढून दोन्हींना लागलं की त्यातून वीज जाईल आणि खाली रपट्यावर ट्रकचा भोंगा वाजेल. परवानगीसाठी बांधकाम खात्याच्या ओव्हरसियर साहेबांकडे गेलो. ते खुर्चीतून उठले नाहीत. "बॅटरी, सळया, भोंगा. यात काय एवढं?" म्हणाले.

तसंच जोडून पाहिलं. भोंगा मुका. पाण्यातून वीज जाते, पण थेंबभर. भोंग्याला लागते घागरभर.

मग जो तो सल्ला देऊ लागला. इतवारी म्हणाला, "पाण्यात मीठ टाक ना. खाऱ्या पाण्यातून वीज लई जाते म्हणते."

"नाल्यात?"

"मंग?"

"किती पोते टाकू सांग."

तो विचारात पडला. खरंच हिशेब करत होता.

नूर मोहम्मद म्हणाला, "एक बॅटरी और जोड. माझ्याकडून घे, पण वापस दे." दोन जोडल्या. सळयांभोवती बुडबुडे आले, भोंगा तरीही मुकाच.

नागपूरच्या भंगारात तारखात्याचं एक जुनं रिले मिळालं. थेंबभर विजेवर त्याची पट्टी खाली लवते आणि दुसऱ्या बॅटरीचा रस्ता खुला करते. ते लावलं आणि माझ्या वर्कशॉपमध्ये बादलीत सळया बुडवल्या. भोंगा वाजला. मी सळया बाहेर काढल्या. भोंगा वाजतच राहिला. भोंग्याच्या विजेने ती नाजूक पट्टी तापून जागीच चिकटली होती. शेजारची आशाबाई धावत आली. "मुखरू, बंद कर ना बावा! लेकरू आताच झोपलं होतं!" मी तार तोडली. आशाबाईचं लेकरू माझ्याहून जास्त रडलं.

पट्टी कानशीने घासली. मग समजलं ते असं: ज्याने निरोप घ्यायचा त्यालाच ओझं उचलायला लावू नये. तारखात्याच्या रिलेने फक्त ट्रकच्या जाड रिलेला हलवायचं. भोंग्याची वीज त्या जाड रिलेतून जाऊ द्यायची. मध्ये हा एक गडी घातला आणि भोंगा सळयांबरोबर वाजू लागला, सळयांबरोबर थांबू लागला. बादलीत दहादा केलं. एकदाही चुकला नाही. नूर मोहम्मद तिथेच उभा होता. मी तोंड फिरवून हात धुतले.

पावसाळ्याआधी वळणापासून रपट्यापर्यंत तार ओढली, खांब रोवला, भोंगा चढवला. दोन्ही काठांच्या गावांत सांगितलं, भोंगा वाजला की पाणी येत आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पहिला लोंढा बाजाराच्या दिवशी आला. मी रपट्यावरच होतो. भोंगा वाजला. आणि दोन्ही काठांवरची माणसं रपट्याकडे धावत सुटली.

डोक्यावर टोपली घेतलेली सुकरी माझ्यासमोरून पळाली. मी हात आडवा केला.

"थांब, सुकरी! पाणी येऊन राह्यलं!"

"म्हणूनच तं पळून राह्यली, भाऊ! सोड मले!"

इतवारीने बैलांना चाबूक ओढला आणि गाडी पार नेली. हा तोच इतवारी. मी घसा फुटेस्तोवर ओरडलो. भोंग्यापुढे माझा आवाज कोणाला ऐकू येणार? शेवटची म्हातारी पार झाली आणि मागे पाणी आलं. कोणी वाहून गेलं नाही. यात माझ्या भोंग्याचं काही श्रेय नाही.

"तू तं पाहिलं होतं ना रे तिले वाहून जाताना," मी इतवारीला म्हणालो. "तू काऊन पळाला?"

तो हिरमुसला. "भोंगा वाजला की पळावं वाटते, मुखरूभाऊ. पाय आपोआपच पळते."

नूर मोहम्मदने ऐकून कपाळाला हात लावला. "माझ्याच ड्रायव्हरांनी शिकवलं. ट्रक निघायच्या आधी भोंगा देतात. पळत येईल तो बसेल, राहील तो राहील."

भोंगा उतरवून घंटा लावावी, तर घंटा वाजली की माणसं देवळाकडे येतात. डफडं वाजलं की दवंडी ऐकायला येतात. शिंग फुंकलं तर वरात समजतात. आमच्याकडचा प्रत्येक आवाज माणसाला बोलावतो. पाटी लावावी तर वाचणार कोण? ओव्हरसियर साहेब म्हणाले, "लोकांना समजावा." समजावलं होतं की.

रिले नीट चालतात. तार शाबूत आहे. बॅटरी मी दर आठवड्याला बदलतो. हिवरीच्या नाल्यावर माणूस थांबेल असा आवाज मला अजून सापडलेला नाही.