काचेवरची रेघ

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा फ्रीज नव्हता, हे आधीच सांगून टाकते. साल चौऱ्याण्णव. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आमच्या दोन खोल्या. एक पाहुणा आला तर आमच्यापैकी एकाने पलंगावर चढून बसायचं, एवढी जागा. अशा घरात आमच्या ह्यांनी बंद पडलेल्या एका क्लासचा जुना कॉम्प्युटर रिक्षात घालून आणला. मी म्हटलं, "उन्हाळ्यात पाणी ह्यातच गार करायचं का?" हे हसले नाहीत. वायरी जोडण्यात गुंग होते.

आमचे हे म्हणजे सुखदेव वाघमारे, कारखान्यात मार्किंगचं काम करायचे. लोखंडाच्या तुकड्यावर निळा रंग फासायचा, पोलादी पट्टी धरायची आणि टोकदार सुईने रेघ ओढायची. मग मशीनवाला डोळे झाकून त्या रेघेवर कापणार. ह्यांनी ओढलेली रेघ म्हणजे शेवटचा शब्द, साहेबसुद्धा पुन्हा मोजायला जात नसत. त्यामुळे आमच्या घरातही ह्यांचा शब्द शेवटचा, असा ह्यांचा समज होता. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. बोलण्याचाच पगार घेत होते, तेव्हा मी बोलायचेच.

त्या वर्षी शेअरचं वारं सगळ्यांच्याच अंगात शिरलं होतं. कारखान्याच्या गेटवर चहावाल्याकडे इश्यूचे फॉर्म मिळायचे. पण आमच्या ह्यांना फॉर्म भरून नशिबाची वाट बघणं पसंत नव्हतं. ते दर शनिवारी शहरात दिगंबर साने नावाच्या गृहस्थांच्या वर्गाला जायला लागले. हे साने कॉम्प्युटरवर शेअरच्या भावाचं चित्र कसं बघायचं ते शिकवत. त्यांनीच ह्यांना एक फ्लॉपी दिली. तिच्यातल्या प्रोग्रॅममध्ये पेपरातला भाव रोज टाकायचा, की काळ्या पडद्यावर पिवळसर नागमोडी रेषा उमटायची. कॉम्प्युटर चालू करण्याआधी हे चप्पल काढत आणि हात धुवून येत. जेवायच्या आधी धुवायला मात्र सांगावं लागे.

सानेसाहेबांचा नियम साधा होता. चढत जाणाऱ्या चित्रात भाव अधूनमधून खाली टेकतो आणि परत वर जातो. ते टेकण्याचे ठिपके जोडत खालून एक तिरकी रेघ ओढायची. भाव त्या रेघेच्या वर आहे तोवर शेअर सोडायचा नाही, रेघ तुटली की त्याच दिवशी विकायचा. "आकड्याकडे बघू नका, आकडा घाबरवतो," असं साने सांगत. आमच्या फ्लॉपीवरच्या स्वस्त प्रोग्रॅममध्ये अशी रेघ ओढायची सोय नव्हती. पण रेघ ओढायला आमच्या ह्यांना प्रोग्रॅम कशाला लागतोय? ह्यांनी कारखान्यातल्यासारखी पोलादी पट्टी पडद्याच्या काचेवर धरली आणि लाल स्केचपेनने डावीकडून उजव्या कडेपर्यंत सरळसोट रेघ मारली. मागे सरकून एक डोळा मिटून बघितलं. "बघ," म्हणाले, "केसाचाही फरक नाही." खरंच नव्हता.

हा खेळ आमच्याच पैशावर चालला असता तर मी आज ही गोष्ट सांगत बसले नसते. पण त्या चित्रात आक्का होत्या.

आक्का म्हणजे मुक्ताई, ह्यांची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले. आक्कांनी नर्सिंग केलं, सरकारी दवाखान्यात लागल्या आणि भावाला आयटीआयला घातलं. लग्न राहून गेलं. राहून गेलं असं आपण म्हणतो, राहू दिलं असं म्हणायला हवं. सारा जन्म नर्सेसच्या क्वार्टरमध्ये काढला. एका खोलीत दोघी, स्वयंपाकाला पाळ्या, आंघोळीला पाळ्या. पुढच्या जूनला रिटायर व्हायच्या होत्या, की ती खोलीही सोडावी लागणार. म्हणून त्यांनी बिबवेवाडीत एका नव्या इमारतीत लहानसा फ्लॅट बुक केला होता. एक खोली, स्वयंपाकघर आणि पूर्वेला बाल्कनी. बाकीचे पैसे मार्चअखेर भरायचे. ते पैसे ह्यांच्या सांगण्यावरून एका औषध कंपनीच्या शेअरमध्ये होते, आणि काचेवरची लाल रेघ त्याच शेअरच्या चित्राखाली होती.

गणपतीच्या सुमारास तो शेअर इतका चढला होता की विकला असता तर फ्लॅटचे पैसे भरून वर पंखे आणि पडदेही आले असते. आक्का दर रविवारी यायच्या. येताना मटण आणायच्या आणि माझ्या हातचा रस्सा खाऊन मलाच त्याच्या चुका सांगायच्या. जेवण झालं की पलंगाच्या कडेला बसून विचारायच्या, "सुखा, विकू या का रे?"

हे खुर्ची पडद्याकडे वळवायचे, वाकून बघायचे आणि म्हणायचे, "आक्का, रेघ तुटली नाही."

"बरं," आक्का म्हणायच्या.

दिवाळीनंतर भाव उतरायला लागला. मला सानेसाहेबांचं शास्त्र कळत नव्हतं, पण उतार मला कळतो. मी म्हटलं, "अहो, फ्लॅटपुरते तरी काढून घ्या." त्यावर हे शांतपणे म्हणाले, "तुम्ही बायका आकड्याला घाबरता." मी म्हटलं, "आम्ही बायका गॅसच्या नंबरालासुद्धा घाबरत नाही, पण संपायच्या आत लावतो." त्या दिवशी भाजीत मीठ जरा जास्त पडलं. मुद्दाम नाही म्हणणार मी.

रविवार येत राहिले. "विकू या का रे?" "रेघ तुटली नाही, आक्का." पिवळी रेषा खाली यायची, लाल रेघेच्या वर थबकल्यासारखी दिसायची, आणि आमच्या ह्यांचा चेहरा खुलायचा. "बघितलंस? आधार घेतला." मार्च उजाडला. बिल्डरने आधी निरोप पाठवला, मग माणूस पाठवला, मग फ्लॅट दुसऱ्याला देऊन टाकला. आक्का म्हणाल्या, "असू दे. दुसरा बघू." तेव्हासुद्धा आमच्या ह्यांनी शेअर विकले नाहीत. रेघ तुटली नव्हती ना.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमेच्या आधी मी घर आवरायला काढलं. जाळी काढली, बाबासाहेबांची तसबीर पुसली, बुद्धमूर्ती पितांबरीने लखलखीत केली. त्याच ओल्या फडक्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावरची वर्षभराची धूळ पुसली, आणि धुळीबरोबर लाल रेघ फडक्यात आली. हे ड्युटीवरून आले आणि बघतच राहिले. आवाज चढला. शेजारच्या मथुराबाई दारात येऊन साखर मागून गेल्या. त्यांना साखर नको होती, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"एवढं काय त्यात?" मी म्हटलं. "ओढा की परत. केसाचाही फरक पडत नाही ना तुमचा?"

ह्यांनी पट्टी घेतली. चित्र चालू केलं. भाव टेकून वर गेल्याचे जुने ठिपके शोधले, पट्टी त्यांना लावली आणि थांबले. पट्टी काढली, पुन्हा लावली. मी पाठमोऱ्या ह्यांच्याकडे बघत होते. ह्यांची मान हळूहळू खाली गेली.

"काय झालं?"

ह्यांनी पट्टी तिथेच धरून ठेवली. मग मला जवळ बोलावून दाखवलं. मला कळेल अशा भाषेत सांगितलं, कारण तेवढी एकच भाषा त्यांना येत होती. लोखंडावर एकदा रेघ मारली की लोखंड हलत नाही. हा पडदा तसा नव्हता. रोज नवा भाव टाकला की तो प्रोग्रॅम सुरुवातीपासूनचे सगळे दिवस त्याच चौकटीत कोंबायचा, म्हणजे जुनं चित्र रोज थोडं थोडं डावीकडे आखडायचं. ज्या ठिपक्यांना टेकवून रेघ मारली होती ते ठिपके केव्हाच सरकून गेले होते. रेघ मात्र काचेवर जिथल्या तिथे. आमचे हे रोज उजव्या कडेला ताजा भाव तेवढा बघत, आणि तो त्या मेलेल्या रेघेच्या वर दिसे.

आता जवळजवळ आलेल्या खऱ्या ठिपक्यांना लावलेली पट्टी जास्त उभी होऊन भावाच्या कितीतरी वरून जात होती. रेघ दिवाळीनंतर लगेच तुटली होती. त्या दिवशी विकले असते तरी बिबवेवाडीचा फ्लॅट आरामात आला असता.

"साने बोलले नव्हते," एवढंच हे म्हणाले. मला तोंडावर खूप काही आलं होतं, अगदी वर्षभराचं साठलेलं. पण रेघ न ओढताच ह्यांनी पट्टी खाली ठेवलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मी गप्प बसले. कुणी सांगितलं तर मथुराबाईंचा विश्वास बसणार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्कूटरवरून आक्कांच्या क्वार्टरला गेलो. रिटायर व्हायची वेळ आलीच होती, आक्का ट्रंकेत सामान भरत होत्या. ह्यांनी काही आडपडदा ठेवला नाही. रेघ कशी ओढली, चित्र कसं सरकत गेलं, चूक कुठे झाली, सगळं सांगितलं. "माझ्यामुळे तुझं घर गेलं, आक्का," म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

आक्का साडीची घडी घालत होत्या, ती त्यांनी पूर्ण केली. मग म्हणाल्या, "मला ठाऊक होतं रे भाव पडतोय. वॉर्डात पेपर येतो. मी रोज बघत होते."

ह्यांनी वर बघितलं. "मग विक म्हणाली का नाहीस? तुझे पैसे होते."

"म्हणत होते की. दर रविवारी म्हणत होते. आणखी कसं म्हणायचं असतं?" आक्कांचा आवाज जराही चढला नाही. "तू त्या काचेला विचारून मला सांगायचास. आक्का, तुला काय वाटतं, असं एकदा विचारशील म्हणून मी वाट बघत होते. तू खुर्ची कधी माझ्याकडे वळवलीच नाहीस."

खोलीतली दुसरी नर्स आली म्हणून आक्का बोलायच्या थांबल्या आणि तिला हसून म्हणाल्या, "माझा भाऊ. न्यायला आलाय मला."

जूनमध्ये आक्का आमच्याकडे आल्या. कॉम्प्युटर काढून तिथे त्यांची खाट लावली. भंगारवाल्याने जे दिलं ते ह्यांनी मोजलंही नाही. शेअर विकून जे हाती आलं ते आक्कांच्या नावाने पोस्टात ठेवलं. तेवढ्या पैशात बिबवेवाडीत काय, कुठेही घर मिळत नव्हतं. पुढे आम्ही वाघोलीला घर घेतलं, तिथेही आक्का आमच्याबरोबर आल्या आणि शेवटपर्यंत राहिल्या. कधी टोचून बोलल्या नाहीत. मी असते तर रोज बोलले असते, आणि कदाचित आमच्या ह्यांना ते सोपं गेलं असतं.

कारण हे बदलले होते. वाघोलीच्या घराला रंग कोणता द्यायचा, टीव्ही कुठला घ्यायचा, रिटायर झाल्यावर पैसे कुठे गुंतवायचे, प्रत्येक गोष्ट आधी आक्कांना विचारायला लागले. खुर्ची ओढून त्यांच्या खाटेसमोर बसायचे, त्यांच्या तोंडाकडे बघायचे आणि विचारायचे, "आक्का, तुला काय वाटतं?"

आक्का प्रेमाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायच्या आणि दर वेळी तेवढंच म्हणायच्या, "तुला योग्य वाटेल ते कर, सुखा."