आईकडून आलेलं

सिस्टरनं पांढऱ्या भुकटीच्या बाटलीत पाणी सोडलं, बाटली हलवली आणि औषध सिरिंजमध्ये ओढून घेतलं. तोच बिरप्पा भाची फुलाच्या खाटेपुढं येऊन उभा राहिला.

"ही सुई न्हाय द्यायची." स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं तो साऱ्या वॉर्डात घुमला. "हिनंच माजं कान गेलं. आमच्या आईचंबी."

"टीबी आहे पोरीला. सुई नको तर काय अंगारा लावू?"

बिरप्पा तिच्या ओठांकडं पाहत राहिला. हलला मात्र नाही.

आवाज ऐकून डॉक्टर कोरे आले. फुलाची आई मायाक्का उशाशी बसली होती. तिला त्यांनी विचारलं, "भाऊ किती सुयांनी बहिरा झाला?"

"थोड्याच घेतल्या हुत्या. आईचंबी तसंच. चुलत्यानं म्हयनं म्हयनं घेतल्या, त्येला काय झालं न्हाय."

कोरे स्टुलावर बसले. "शरीरात प्रथिनं घडवणारे बारीक कण असतात. रायबोसोम म्हणतात त्यांना. जंतूंचे वेगळ्या घडणीचे, आपले वेगळ्या. हे औषध जंतूंचे कण बंद पाडतं, आपले सोडतं. तुमच्या आईकडून आलेले काही कण जंतूंसारखे असावेत, म्हणून औषध तेही बंद पाडतं आणि कान जातात. पुस्तकात हे मला सापडलेलं नाही. माझा अंदाज आहे."

"म्हंजी माज्यातबी हाय?"

"असेल. हिच्यातही."

त्यांनी सुई बंद केली. गोळ्यांवर ठेवू, बरं व्हायला जास्त वेळ लागेल, म्हणाले.

"काय म्हनलं गं?" बिरप्पानं विचारलं.

मायाक्कानं सुईकडं बोट दाखवून हात हलवला. बाकीचं खुणांनी कसं सांगायचं, ते तिला सुचेना. सुई सगळ्यांनाच देतात, मग कान आपलेच का गेले, हे बिरप्पाला इतकी वर्षं छळत होतं. त्याचं उत्तर त्याच्यापासून हातभर अंतरावर बोललं गेलं होतं.

गिरणीत त्याचं बरं चालायचं. मागांच्या खडखडाटात तिथं सगळेच खुणांनी बोलत. भोंगा झाला की बाकीचे बोलत बोलत बाहेर पडत, आणि तो भवानी पेठेतल्या खोलीकडं एकटा चालू लागे. बायको माहेरी गेली होती, ती आलीच नाही.

फुला बरी झाली. सांगोल्याच्या गाडीत मायलेकींना बसवून बिरप्पा खाली उभा राहिला. मागून कुणीतरी शेंगा विकायला ओरडलं, तशी फुलानं चटकन मान वळवली. बिरप्पानं ते पाहिलं. कितीतरी दिवसांनी तो हसला.

फुला खिडकीतून वाकली. "मामा, हितं एकटंच कशाला ऱ्हाताय? चला की आमच्यासंगं."

"व्हय, व्हय," बिरप्पा म्हणाला. निघताना माणसं काय बोलतात ते त्याला माहीत होतं.

कंडक्टरनं घंटी मारली. बिरप्पा हात हलवत राहिला, आणि आत फुला आईकडं सरकून त्याच्यासाठी जागा करत होती.